लेकींच्या वाटेने

आमच्या घरात वंशावळीचा कागद वरचेवर लागत आला. उजनीच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं तेव्हा धरणग्रस्ताच्या दाखल्यासाठी लागला. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर वारस लावायला लागला. २०२३ पासून गावोगाव कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली, तेव्हा चुलत्यांनी तोच जीर्ण कागद पेटीतून काढून त्याच्याखाली नातवंडांची नावं चढवली. वर खापरपणजोबा, त्यांच्यापासून खाली उतरणाऱ्या रेघा आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक पुरुष. म्हातारी माणसं सांगत की पूर्वी सुगी आटोपली की बैलावर बसून हेळवी यायचा आणि दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणायचा. त्याच्या तोंडून उतरवून घेतलेल्या आमच्या कागदात लेकी नाहीत. ज्या दिल्या, त्या दुसऱ्यांच्या वंशावळीत कुणाच्या तरी बायका झाल्या, आणि तिथेही त्यांचं माहेर कुणी लिहिलं नाही.

जमिनीच्या कामाला हा कागद पुरतो. आमच्या आजोळच्या रक्तात चालत आलेल्या एका आजाराचा माग मात्र त्यावर लागत नाही. तो आजार झाला मुलांना, पण आला लेकींच्या वाटेने. इंदापूर तालुक्यातून बारामतीत, बारामतीतून पुन्हा इंदापुरात, प्रत्येक वेळी वरातीबरोबर. ती वाट कुठल्या तलाठ्याच्या दप्तरात नव्हती, हेळव्याच्या पोथीत नव्हती. माझ्या आजीला ती तोंडपाठ होती.

आजी म्हणजे आईची आई. तिचं माहेर नीरा-नरसिंहपूरच्या अलीकडे, कोरडवाहू गावात. सासर बारामती तालुक्यात, पाटाच्या गावात. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहता झाला आणि त्याने या भागातल्या पिकांइतक्याच सोयरिकीही बदलल्या. ज्वारी-बाजरीवर दिवस काढणाऱ्या बापाची एकच आस असे, लेक पाटाखाली पडावी, तिच्या डोक्यावरची घागर उतरावी. उसाबरोबर गुऱ्हाळं आली, मग वालचंदनगरसारखे कारखाने उभे राहिले, आणि पाण्याच्या दिशेने लेकी येत राहिल्या. आजीही तशीच आली, न कळत्या वयात. आपल्याबरोबर काय आलंय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

दुपारची जेवणं उरकली की आजी सुपात डाळ निवडत बसायची आणि पाठच्या भावाची गोष्ट काढायची. बाराव्या दिवशी सोनाराने त्याचे कान टोचले. ‘‘एवढंसं भोक, पर दोन दिस रगत थांबलं न्हाई बघ,’’ असं म्हणत ती डाळीतला खडा उचलून अंगणात टाकायची. दगडीपाल्याचा रस पिळून झाला, हळद दाबून झाली, कोळिष्टक लावून झालं. पोर रांगायला लागलं तशी त्याच्या अंगावर काळेनिळे डाग उमटायला लागले. शेजारणी कुजबुजायच्या, आई मारते पोराला. सहाव्या वर्षी दुधाचा दात पडला तर उशी भिजली. दहा-अकरा वर्षांचा असताना तो बैलगाडीवरून पडला. बाहेर रक्ताचा टिपूस नाही. डोकं दुखतंय म्हणाला, आईच्या मांडीवर झोपला, तो उठलाच नाही.

घरातल्या मोठ्यांनी आपापल्या परीने कारणं लावली. विहीर खणताना नाग मारला होता, नरसिंहाचा नवस फेडायचा राहिला, भावकीने करणी केली. आजीच्या आईने मात्र वेगळंच सांगितलं होतं, आणि तिने ते तिच्या आईकडून ऐकलं होतं. आपल्या लेकींच्या पोरांचे कान टोचायचे नाहीत. सुनांच्या पोरांचे टोचले तरी चालतील, लेकींच्या पोरांचे नाहीत.

या एका वाक्यात किती पिढ्यांचं पाहणं साठलेलं आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. कुणीतरी, कधीतरी, मेलेल्या आणि वाचलेल्या पोरांची मनाशी जुळणी केली होती. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा भाचा, हे ताडून पाहिलं होतं. त्या बाईला अक्षरओळख नव्हती, पण तिची नोंद चोख होती.

आजीला पहिला मुलगा झाला, माझा मामा, तेव्हा तिने सोनाराला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. जावळाच्या दिवशी तर घरात मोठाच तमाशा झाला. जावळ बाळाच्या मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणून आजीचा थोरला भाऊ नवे कपडे आणि टोपी घेऊन माहेराहून आला होता. पाट मांडला, बाळ त्याच्या मांडीवर दिलं, न्हाव्याने वस्तरा धार लावून हातात घेतला. तेवढ्यात आजी पुढे झाली आणि तिने वस्तऱ्याच्या आड आपला तळवा धरला. सासू संतापली, पाव्हणे उठून उभे राहिले. आजी हलली नाही. ‘‘आदी माझ्या हातावर चालवा,’’ एवढंच म्हणाली. शेवटी तिच्या भावानेच मधला मार्ग काढला. कात्री मागवली, चार बटा कापल्या आणि त्या नारळाबरोबर नदीत सोडल्या. तो भाऊ स्वतः धडधाकट होता. एकाच आईच्या पोटच्या दोन मुलांपैकी एक गेला आणि एक वाचला होता, आणि वाचलेल्याच्या मांडीवर गेलेल्याचा आजार घेऊन आलेलं बाळ बसलं होतं.

मामा जगला, पण अडखळत. बहात्तरच्या दुष्काळात तो सोळा-सतरा वर्षांचा होता. पाटाचं पाणी आखडलं, घरात दाणा राहिला नाही, आणि सगळ्या गावाबरोबर तोही खडी फोडायला गेला. सुकडी मिळायची तिच्यावर घर चालायचं. त्याला दगड लागला नाही, हातोडी लागली नाही. नुसतं दिवसभर उकिडवं बसून त्याचा गुडघा सुजला आणि तापला. हाडवैद्याने तो तेल लावून चोळला, त्याने आणखी सुजला. तेव्हा बारामतीहून दौंडला जाणारी छोट्या रुळांची गाडी होती. तिच्यात त्याला आडवा टाकून, दौंडला गाडी बदलून आजी-आजोबांनी पुणं गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी मामाचा गुडघा पाहिला, रक्त तपासायला पाठवलं, आणि मग खुर्ची ओढून ते आजीसमोर बसले. आजोबांना सोडून त्यांनी तिला विचारलं, ‘‘आई, तुम्हाला भाऊ किती? त्यातला एखादा लहानपणी गेला का?’’ आजीच्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत त्या पोराबद्दल तिला परक्या कुणी विचारलं नव्हतं. ती सांगत गेली, कान, दात, बैलगाडी, सगळं. डॉक्टर लिहीत गेले. त्यांनी वहीवर गोल आणि चौकोन काढले. बायका गोल, पुरुष चौकोन, आणि दोन चौकोन शाईने भरून टाकले. आमच्या घरातली, लेकी असलेली पहिली वंशावळ ती.

आजाराचं नाव हिमोफिलिया. रक्त गोठायला शरीरात एकामागून एक कामाला लागणारे घटक असतात. त्यातला आठवा कमी पडला तर हिमोफिलिया ए, नववा कमी पडला तर बी. ए प्रकार सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो, बी त्याहून बराच विरळ. घटकाचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेलं की आजार तीव्र मानतात. तेव्हा लागायचीही गरज पडत नाही, रक्त आपसूक सांध्यात उतरतं. गुडघा, घोटा आणि कोपर यांना त्याचा सर्वांत जास्त मार बसतो. चोळून रक्तस्राव वाढतो. मामाचा पाय पुढे जन्मभर वाकडाच राहिला.

डॉक्टरांनी आजीला जो प्रश्न विचारला, तिथवर पोचायला वैद्यकाला फार वेळ लागला होता. ज्यू धर्मग्रंथ ताल्मुदमध्ये दुसऱ्या शतकातल्या रब्बींचा निवाडा आहे. सुंता केल्यावर एका आईची दोन मुलं दगावली तर तिसऱ्याची करू नये. त्यातच चार बहिणींची हकीकत येते. तीन बहिणींची मुलं सुंतेनंतर गेली, तेव्हा चौथीला सांगितलं गेलं की तुझ्या मुलाची करू नकोस. वडिलांकडच्या भावंडांचा तिथे विचार नाही, बहिणींचा आहे. आजीच्या माहेरचा कान न टोचण्याचा नियम याच जातकुळीचा. १८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो या डॉक्टरांनी एका अमेरिकी कुटुंबाची माहिती छापली आणि नोंदवलं की रक्त न थांबणं पुरुषांना होतं, पण ते पुढे जातं स्त्रियांकडून.

याच वाटेने येणाऱ्या दुसऱ्या एका आजाराची, मुंबई इलाख्यातलीच एक नोंद तर थेट चार्ल्स डार्विनपर्यंत पोचली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथल्या एका हिंदू कुटुंबाची माहिती वेडरबर्न नावाच्या गृहस्थांनी डार्विनला कळवली, आणि पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या दुसऱ्या आवृत्तीत डार्विनने ती घातली. चार पिढ्यांत दहा पुरुष असे की तोंडात मोजके कमकुवत दात, अंगावर केस जवळपास नाहीत, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून जीव नकोसा व्हायचा. एकाही मुलीला हे झालं नव्हतं, पण मुलींच्या मुलांना होत होतं, आणि अशा पुरुषाच्या मुलाला कधीच झालं नव्हतं. डार्विनला याचं नवल वाटलं. त्यामागचं कारण मात्र त्याच्या हाती नव्हतं. ते मिळायला १९१० उजाडलं, जेव्हा टॉमस मॉर्गन यांना फळमाशीच्या पांढऱ्या डोळ्यांचा गुण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राबरोबर चालतो हे दिसलं.

ते कारण असं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. बावीस जोड्या बाईत आणि पुरुषात सारख्या. तेविसावीत बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. आठव्या आणि नवव्या घटकाची जनुकं एक्सवर आहेत. दोन विहिरींच्या मळ्यात एक आटली तरी पीक सहसा वाळत नाही, आणि पुरुषाच्या मळ्यात विहीर एकच. म्हणून दोष असलेला एक्स बाईच्या अंगात बहुतेकदा दबून राहतो, मुलाच्या वाट्याला आला की उघडा पडतो.

पुढचा हिशोब आमच्याच घरावर मांडते. आजी वाहक होती, कारण तिचा भाऊ आणि मुलगा दोघांनाही आजार होता. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मीच. एक मूल सुटलं म्हणून पुढचं सापडेल असं नाही, प्रत्येक खेपेला निम्मी शक्यता नव्याने उभी राहते. मामाचं गणित वेगळं. मुलाला बाप वाय देतो, एक्स देतच नाही. म्हणून मामाचा मुलगा या आजारातून साफ सुटला. बापाची जमीन, आडनाव, कुलदैवत, सगळं त्याच्याकडे आलं, हा आजार आला नाही. मुलींना मात्र बापाचा एकुलता एक एक्स मिळतोच. मामाच्या दोन्ही मुली जन्मतःच वाहक होत्या, त्यात नशिबाचा भाग नव्हता.

आणि इथे आमच्याकडची चाल येऊन मिळाली. मामाची मुलगी करायची ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेल्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राचं हेच वैशिष्ट्य दाखवलं. उत्तरेत अशी जवळची सोयरीक चालत नाही, दक्षिणेत अनेक प्रकारांनी चालते. मधल्या महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी टाळतात. आमच्याकडे माझ्या भावाला मामाची थोरली मुलगी केली. धाकटी इंदापूर तालुक्यात, नात्यागोत्याच्या बाहेर दिली. भावाच्या मुलाला हिमोफिलिया निघाला तेव्हा सगळे म्हणाले, नात्यात केलं म्हणून. चार वर्षांनी धाकटीच्या मुलालाही निघाला. तिच्या सासरचं तर आमच्याशी काहीच नातं नव्हतं.

ही गोष्ट गावोगाव नीट सांगायला हवी. मुलाला एक्स मिळतो तो आईचा. त्यामुळे वाहक आईचा नवरा आतेभाऊ असो की परमुलखातला, मुलांची जोखीम तेवढीच राहते. जवळच्या नात्यातल्या लग्नाचा धोका इतर अनेक आजारांत खरा आहे. इथे तो मुख्यतः मुलींच्या बाबतीत येतो. नवऱ्यालाच आजार असेल आणि बायको वाहक असेल, तर मुलीला दोन्हीकडून दोषी एक्स मिळून तिलाही पुरता आजार होऊ शकतो. आणि जी चाल आपण पाळतो, मामाच्या मुलीची, तीत आजोळचा एक्स दोन्ही बाजूंनी एका घरात परत येऊ शकतो. आत्याच्या मुलीशी लग्न केलं तर पुरुषाचा एक्स त्याच्या आईकडचा, म्हणजे त्या नात्याबाहेरचा असतो. आजोळी हिमोफिलिया असेल तर भाच्याला मामाची मुलगी करण्याआधी दोघांची तपासणी झालीच पाहिजे, असं मी आता प्रत्येक लग्नघरी सांगते.

हीच वाट आणखीही आजारांची आहे. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं बारामती-इंदापुरात दरवर्षी पोलीस आणि लष्कराच्या भरतीला जातात, पळण्यात पहिली येतात आणि मेडिकलला ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचता न आल्याने बाद होतात. घरी येऊन विचारलं तर बहुधा आईचे वडील किंवा मामा आठवतात, ज्यांना पिकलेली मिरची हिरव्या झाडात दिसायची नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवड होऊनही आशुतोष कुमार यांना याच कारणाने प्रवेश नाकारला गेला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला अशा विद्यार्थ्यांसाठी दरवाजे उघडायला लावले. डुशेन स्नायुक्षय याच वाटेने येतो. चारपाच वर्षांचं पोर जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. जी६पीडी या विकराची कमतरताही अशीच. तशा मुलाला हिवतापावरची प्रायमाक्विन गोळी दिली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. या सगळ्यांत डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच असायला हवा, तो म्हणजे आईकडच्या पुरुषांविषयी.

मात्र प्रत्येक घरात मागचा माग लागेलच असं नाही. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच आजार नसतो. जनुकात बदल नव्यानेच झालेला असतो. असे बदल किती वेळा होत असावेत याचा अंदाज जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३५ साली हिमोफिलियावरूनच मांडला. हेच हॉल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या घराण्यातही तिच्या आधी कुणाचा दाखला सापडत नाही. तिच्या मुलींकडून मात्र हा आजार जर्मनी, स्पेन आणि रशियाच्या राजवाड्यांत गेला. रशियाच्या शेवटच्या झारचा मुलगा अलेक्सी याला तो बी प्रकारचा होता, हे २००९ साली अस्थींच्या तपासणीतून ठरलं. राजवाड्यातही तो गेला लेकींच्या वरातीबरोबरच. आणि राजवाड्यातल्या वैद्यांनाही आजीच्या आईपेक्षा जास्त काही करता आलं नाही.

उपचार यायला आणखी वेळ गेला. मामाला बर्फ, पडून राहणं आणि कधी रक्त चढवणं, एवढंच मिळालं. १९६४ च्या सुमाराला अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवून त्यातून आठवा घटक वेगळा काढायची युक्ती शोधली. १९८४ साली आठव्या घटकाचं जनुक हाती आलं आणि मग रक्ताशिवायही तो घटक बनवता यायला लागला. भारतात १९८३ साली अशोक वर्मा यांनी, स्वतः हिमोफिलियाने पंगू असताना, हिमोफिलिया फेडरेशन उभी केली, आणि रुग्णांची कुटुंबं एकमेकांना शोधू लागली. महाराष्ट्रात पुढे सरकारी रुग्णालयांतून हा घटक, म्हणजे ‘फॅक्टर’, मोफत मिळायला लागला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आणि स्नायुक्षय या दोन्हींची नावं आली. २०२४ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ए असलेल्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माझ्या भावाचा मुलगा आज स्वतःच्या शिरेत स्वतः फॅक्टर घेतो आणि सायकलवर कॉलेजला जातो. मामाने ते डोळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, ‘‘ह्या पोराचा गुडगा बघ, कसा सरळ हाय.’’ त्याच्या बोलण्यात हेवा नव्हता, नुसता आनंद होता.

बायकांचं दुःख मात्र कुणी मोजलं नाही. मुलाला आजार निघाला की बोट सुनेकडे वळतं. तुझ्या माहेरचं आलं, असं म्हणतात, जणू तिने ते हुंड्याच्या पेटीतून मुद्दाम आणलं. मामाच्या धाकट्या मुलीला सासरी हे वर्षानुवर्षं ऐकावं लागलं. आणि वाहक बाईला स्वतःला काही होत नाही, हेही खरं नाही. १९६१ साली मेरी लायन यांनी मांडलं की बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो. कुठला, हे बहुतेक योगायोगाने ठरतं. चांगला एक्स जास्त पेशींत झोपला, तर तिचाही घटक कमी पडतो. मग पाळीत अतोनात रक्त जातं, दात काढल्यावर थांबत नाही, बाळंतपणात जीवावर बेततं. आजी प्रत्येक बाळंतपणानंतर महिना-महिना अंथरुणाला खिळायची. ‘‘बाईच्या जातीला हे चालायचंच,’’ एवढंच तिला सांगितलं गेलं. तिच्या भावाच्या रक्ताची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. तिच्या रक्ताची गोष्ट तिने स्वतःही कधी गोष्ट म्हणून सांगितली नाही. मला ती आईकडून तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, आणि तेव्हापासून तिची आठवण झाली की मला राग येतो, तिच्यावर नव्हे, तिला कुणीच काही विचारलं नाही याचा.

माझी तपासणी परळला झाली. केईएम रुग्णालयाच्या आवारात वैद्यकीय संशोधन परिषदेची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचं केंद्र म्हणून ती सुरू झाली, आणि हिमोफिलियाच्या कुटुंबांची जनुकं तिथे तपासली जातात. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत आठव्या घटकाच्या जनुकाचा एक मोठा तुकडा उलटा जोडला गेलेला असतो. आमच्या घरातला दोष तोच निघाला. एकदा तो कळला की बाकीच्या लेकींची तपासणी सोपी होते. मी वाहक निघाले. माझी मुलगी कॉलेजात आहे. तिला मी सगळं सांगितलं आहे, आजीच्या भावापासून. तपासणी करायची की नाही, कधी करायची, हे तिचं ती ठरवेल. लग्न जुळवताना लपवायचं नाही, एवढं आमचं दोघींचं ठरलं आहे.

गर्भाची तपासणी म्हटलं की आपल्याकडे आवाज खाली येतो, आणि तो का येतो हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. गर्भातच होणाऱ्या मुलींच्या हत्येला आळा घालायला देशात पहिला कायदा या राज्याने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा झाला. पण त्याच कायद्याने लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाच्या तपासणीची वाट मोकळी ठेवली आहे, सल्ला आणि लेखी संमती घेऊन. त्या वाटेवर पाऊल टाकायचं की नाही, हे प्रत्येक जोडप्याने ठरवायचं. कुणी मूल जसं येईल तसं स्वीकारतं आणि जन्मल्याबरोबर उपचार सुरू करतं. तेही शहाणपणच आहे, फक्त बाळंतपणाआधी डॉक्टरांना ठाऊक असलं पाहिजे.

कागदावर लेकी आता हळूहळू येऊ लागल्या आहेत. १९९४ साली राज्याच्या कायद्याने त्यांना वडिलार्जित मिळकतीत वाटा दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदोपत्री आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा नियम झाला. पण आईच्या आईचं नाव, तिच्या भावांची नावं, लहानपणी गेलेल्या पोरांची नावं अजून कुठेच नाहीत, आणि हिमोफिलियाचा इतिहास नेमका तिथेच आहे. ती नावं फक्त घरातल्या म्हाताऱ्या बायकांना माहीत आहेत, आणि त्या एकेक करून जात आहेत.

म्हणून आजी, आत्या, मावशी, जी कुणी हयात असेल तिच्याजवळ बसा आणि विचारा. तुमचे भाऊ किती होते, त्यातले कितीजण मोठे झाले, कशाने गेले? कुणाचं रक्त थांबत नव्हतं का, कुणाचा सांधा विनाकारण सुजायचा का, कुणाला रंग कळत नव्हते का, कुणी पोर चालता चालता बसलं का? तुमच्या बहिणींच्या मुलांचं काय झालं? आणि तुमचं स्वतःचं, बाळंतपणात? जे सांगतील ते तारखांची, खऱ्याखोट्याची काळजी न करता लिहून ठेवा, नाग आणि करणीसकट, कारण त्या गोष्टींच्या पोटात कोण कुणाचा भाचा हे बिनचूक असतं. माहेर लिहा, सासर लिहा, गावं लिहा. एक प्रत आपल्या डॉक्टरांना द्या, एक लग्न झालेल्या प्रत्येक लेकीच्या घरी पाठवा. असा मुलगा घरात जन्मला तर त्याला अॅस्पिरिन द्यायची नाही, स्नायूत सुई टोचायची नाही, सांधा चोळायचा नाही आणि लागल्याबरोबर फॅक्टर द्यायचा, एवढं त्या घराला आधीच माहीत असेल. आजीच्या भावाच्या वाट्याला हे काहीच आलं नाही. आपल्या लेकींच्या मुलांच्या वाट्याला ते आलंच पाहिजे, आणि ते आणणं आपल्या हातात आहे.